सारेच सारं करतो

सन २०२३. मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि म्हाताऱ्यांना सांभाळायच्या नोकरीवर होतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. आमच्या वृद्धाश्रमात तेव्हा जे बुढे-बुढ्या होते, त्यांतले चारपाच तर माझ्याहून लहान. आश्रम चालवणाऱ्या मॅडमचा हुकूम होता की सगळ्यांना आजोबा-आजी म्हणायचं. मी कोणाला म्हटलं नाही. जो माझ्या मागून जन्मला तो माझा आजोबा कसा काय होईल?

शाळा माझी चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण सही करतो, एसटीची पाटी वाचतो, आणि कागद हातात देऊन थोडा वेळ दिला तर त्यावर काय आहे तेही वाचून काढतो. लोक कागद देतात, वेळ देत नाहीत. तिथूनच माझा संशय सुरू होतो. ज्याला सही घाईने पाहिजे, त्याच्या घाईत काहीतरी असतंच. माझी बायको म्हणते, तुम्हाला भर दुपारी अंगणातही साप दिसतो. असेल. पण मला अजून साप चावलेला नाही.

आश्रम म्हणजे भंडाऱ्याहून आंधळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला, शेतात बांधलेली एकमजली इमारत. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, पुढे लोखंडी फाटक. मी सायकलने जायचो. काम करणारे आम्ही चौघं. मी एक. आमच्याच गावच्या दोघी जावा, थोरली आणि धाकटी. आणि चौथी एक तरणी बाई, जिला सगळे सिस्टर म्हणत. तिने नर्सिंगचा कोर्स अर्धा केला होता, अर्धा घरच्यांनी करू दिला नाही. तिच्या अंगावर पांढरा कोट असायचा, आमच्या अंगावर घरचे कपडे.

मला या कामावर थोरल्या जावेने आणलं. त्याआधी आम्ही वर्षानुवर्षं एकाच टोळीत रोवण्याला जात होतो. बाया ओळीने चिखलात वाकून धान रोवायच्या, आम्ही माणसं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून, पेंढ्या बांधून त्यांच्याकडे फेकायचो. बांधी हुंड्याने घ्यायची, म्हणजे सगळ्या टोळीने मिळून एक भाव ठरवायचा, आणि जे येईल ते सारखं वाटायचं. त्यात एखादी बुढी हळू रोवायची, एखादी झपाट्याने. वाटा दोघींचा तेवढाच. टोळीत एक गोष्ट कोणी करत नसे. माझा हात जास्त चालला, असं आपल्या तोंडाने कोणी बोलत नसे. जो बोलला त्याला पुढच्या बांधीवर कोणी हाक मारत नसे.

आश्रमातही आम्ही तसंच चालवलं. कोणी वाटून दिलं नव्हतं, आपोआप तसं झालं. मी मुख्य करून माणसांच्या खोलीचं पाहायचो. लकवा मारलेल्यांना उचलणं, दर दोन तासांनी कूस पालटणं, अंग पुसणं, दाढी करणं, पाठ लाल तर झाली नाही ना ते पाहणं. जावा बायांच्या खोलीचं हेच सगळं करायच्या, वर स्वयंपाकही. सिस्टर औषधं, बी.पी., शुगर, मलमपट्टी. आणि फरशी पुसायला ज्याचा हात मोकळा तो. संडास धुवायलाही ज्याचा हात मोकळा तो. मी पण धुतला आहे. मला त्याची लाज नाही. हे पुढे समजायला पाहिजे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्या साली श्रावणात, रोवणे आटोपले होते तेव्हा, मॅडम एकदम गोड झाल्या.

आधी चहात दूध वाढलं. मग आम्हाला निळे सदरे आले, खिशावर आश्रमाचं चित्र. मग मॅडमने मला आपल्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. इतक्या दिवसांत त्या खोलीत मला खुर्ची मिळाली नव्हती.

“काका, तुम्ही दिवसभर नेमकं काय काय करता हो?” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “तुम्ही पाहताच ना.”

“तसं नाही. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

माझ्या तोंडून कायले? ज्या बाईला मी सकाळी कोणत्या खोलीत आहे तेही माहीत नसायचं, तिला आज माझ्या तोंडून ऐकायची हौस का आली? मी म्हटलं, “सांगाल ते करतो.” मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “छान.” ते ‘छान’ माझ्या कानात दिवसभर राहिलं.

सिस्टरचंही काही बरोबर नव्हतं. तिची सुटी गुरुवारी. एका गुरुवारी मी बायकोची औषधं घ्यायला भंडाऱ्याला गेलो होतो. सरकारी कार्यालयांच्या रस्त्याला ही ऑटोतून उतरताना दिसली. मला पाहिलं आणि पदर सारखा करून दुसऱ्या बाजूला वळली. पुढच्या आठवड्यात मॅडम आणि ती फाटकाजवळ उभ्या राहून हळू बोलताना दिसल्या. मी जवळ गेलो तर दोघीही गप्प झाल्या. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजले असते?

मी हे कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर म्हणजे आमच्या माणसांच्या खोलीतला खिडकीजवळचा पेशंट. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, रिटायर झाला आणि वर्षाभरात उजवी बाजू गेली. पोरगा पुण्याला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण तोंड माझ्याहून दहा वर्षांनी मोठं. बोलणं थोडं जड झालं होतं तरी थांबत नसे. मी कूस पालटायला गेलो की ओरडायचा, “पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही!” आणि खोलीतले बाकीचे हसायचे.

तो म्हणाला, “बुढ्या, तुले दुधाचा चहा भेटला तरी तू त्यात माशी शोधतं. पी ना चूप.”

“पितो. पन दूध कायले वाढलं ते समजल्यावर पितो.”

“तेव्हापर्यंत थंडा होईन.”

“होऊ दे.”

दोन दिवसांनी सिस्टरनेच मला व्हरांड्यात गाठलं. मी मेणकापडं वाळत घालत होतो.

“काकाजी, मंगळवारी कामगार कार्यालयाचे साहेब येऊन राहिले. कोन काय काम करते ते इचारतीन. त्यावरून वर्ग ठरन. अकुशल, अर्धकुशल, कुशल. जसा वर्ग तसा कमीत कमी पगार, त्याच्या खाली देता येत नाई.”

“हे तुले कोनं सांगतलं?”

तिने ते उत्तर टाळलं. म्हणाली, “तुमी एवढंच सांगा की मी पेशंटचंच करतो. उचलनं, फिरवनं, आंघोळ, पाठ. झाडलोटीचं नाव काढू नका. तुमी अर्धकुशलमंधी बसता काकाजी.”

“अन् झाडलोट कोन करते मग? भूत?”

“ते मॅडमनं पाहावं.”

“म्हनजे जावांच्या अंगावर टाकू?”

“मी असं नाई म्हनलं.”

ती असं म्हणाली नव्हती, पण तिच्या बोलण्याचा सरळ अर्थ तोच निघत होता. मी वर, त्या खाली. ज्या बाईने मला टोळीत घेतलं, इथं आणलं, तिला खाली ढकलून मी वर चढायचं. आणि यात सिस्टरला काय मिळणार, ते ती सांगत नव्हती. फुकट कोणी कोणाचं भलं करत नाही. निदान मला तरी असा माणूस भेटला नाही. मी मेणकापडाला चिमटा लावला आणि म्हटलं, “पाहू.”

मंगळवारी साहेब आले. चाळिशीचा माणूस, पायात साधी चप्पल. व्हरांड्यात टेबल टाकलं होतं. मॅडम बाजूला बसल्या. चहा आला, बिस्किटं आली. साहेबाने चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. का लावला नाही, हेही मला खटकलं. ज्याला बाहेर मोठं जेवण मिळायचं असतं तो बिस्किट सोडतो, असं मी मनात म्हटलं. आता वाटतं, त्याला शुगर असेल. पण तेव्हा जे वाटलं ते वाटलं.

आधी जावांना बोलावलं.

“काय काम करता?” साहेब.

थोरलीने पदर खोचला आणि टोळीच्या वतीने बोलायची तिची जुनी सवय होती, तशीच बोलली, “आमी सारेच सारं करतो, साहेब.”

“सारं म्हणजे?”

“सारं म्हनजे सारं. जे पडन ते. आमच्यात तुझं-माझं नाई.”

धाकटी म्हणाली, “हाव जी. सारं मिळून.”

दोघींच्या तोंडावर किती अभिमान होता! जसं काही बांधावर उभ्या राहून मालकाला सांगत होत्या की तुमची बांधी एका दिवसात रोवून दिली. साहेब लिहीत होते. मॅडम मान हलवत होत्या, आणि मॅडमची ती हलणारी मान पाहून मला समजायला पाहिजे होतं.

मग मला विचारलं. सिस्टर दाराशी उभी होती, माझ्याकडे टक लावून. मी तिच्याकडे पाहिलं, जावांकडे पाहिलं, आणि म्हणालो, “यायनं सांगतलं तेच. सारेच सारं करतो.”

दुसरं काही माझ्याने बोललंच गेलं नसतं. आजही बोललं जाणार नाही.

सिस्टरची पाळी आली. ती मात्र खाली पाहून म्हणाली, “मी औषधं, बी.पी., शुगर, मलमपट्टी पाहते.” तेवढंच. थोरलीने धाकटीला कोपर मारलं.

साहेबाने कागद फिरवून आमच्यापुढे ठेवला. “इथे सह्या करा. आत्ता तुम्हाला जे मिळतं त्याहून हे जास्तच आहे.”

धाकटीने पेन घेतलं. मी म्हटलं, “थांब.” आणि कागद ओढून घेतला. मॅडम म्हणाल्या, “काका, साहेबांना पुढे जायचं आहे.” मी वाचायला लागलो. बोट ठेवून वाचलं. सिस्टरच्या नावापुढे ‘परिचारिका सहायक, कुशल’. आमच्या तिघांच्या नावापुढे एकच, ‘सफाईगार, अकुशल’.

माझा जन्म छप्पनचा. त्याच साली बापाने घरातले देव टोपलीत घालून वैनगंगेत सोडले, आणि त्याच दिवसापासून गावकीचं झाडणं, ओढणं, उचलणंही सोडलं. पुढे आम्हाला दोन वर्षं कोणी नीट काम दिलं नाही, आई दुसऱ्या गावाला मजुरीला जायची. बापाने झाडू परत हातात घेतला नाही असं नाही. स्वतःचं अंगण तो रोज झाडायचा, फार स्वच्छ झाडायचा. पण त्याच्या नावापुढे कोणी तो शब्द लावला तर तो उठून उभा राहायचा. मी त्याला तीन वेळा तसं उठताना पाहिलं आहे. बोलायचा काही नाही. फक्त उभा राहायचा.

मीही उभा राहिलो.

“मी सही नाही करत,” म्हटलं.

“का?” साहेब.

“हा शब्द खोडा.”

“अहो, तुम्हीच सांगितलं ना, सगळे सगळं करतो म्हणून. मग वर्ग कसा लावू? व्यवस्थापनाने जे मुख्य काम म्हणून दिलं आहे त्याचाच लावावा लागतो. तुम्ही वेगळं काही सांगितलंच नाही.”

मी मॅडमकडे पाहिलं. त्या चहाच्या कपाकडे पाहत होत्या. तेव्हा मला खुर्ची, चहा, ‘सांगाल ते’ आणि ‘छान’, सगळं एका ओळीत दिसलं.

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, “तिघांचा वर्ग एकच दाखवला आहे. एकाने नाही म्हटलं तर तिघांचा कागद थांबेल. ज्याला वेगळा जबाब द्यायचा त्याने उद्या साडेदहाला कार्यालयात यावं. पण नेमकं सांगावं लागेल, कोण काय करतं. सारेच सारं असं चालणार नाही.”

जाताना मॅडम मला बाजूला घेऊन फार हळू बोलल्या, “काका, साठीच्या पुढे कुठं कोणी ठेवत नाही. मी ठेवलं. लक्षात असू द्या.”

लक्षात होतं.

साहेबाची गाडी फाटकाबाहेर गेली आणि थोरली नळावर माझ्यावर तुटून पडली.

“भाऊ, तुमच्या एका शब्दापायी आमचा वाढता पगार काहून अडवला जी? शब्द चुलीवर शिजते का?”

“तुले तो शब्द चालते?”

“मले धाकटीच्या पोराची फी भरायची हाय. मले कोन्ताही शब्द चालते.”

“मले नाई चालत.”

“मंग सकाळीच सांगाचं होतं ना, मी हे करतो, मी ते करतो!”

“माझ्या तोंडानं? तुमच्यापुढं?”

थोरलीने कमरेवर हात ठेवले. “नाई ना? तुमच्या तोंडानं तुमी कधी काई सांगतलंच नाई. टोळीत तुमाले कोनं घेतलं होतं? मी सांगतलं मुकादमाले, का या मानसाचा हात चांगला हाय, पेंढी सैल नाई बांधत. इथं कोनं आनलं? मी सांगतलं मॅडमले, का हा मानूस पेशंट पाडनार नाई. तुमचं सारं आजपर्यंत दुसऱ्यानंच सांगतलं!”

आणि बादली उचलून निघून गेली. रागावून बोलली होती, पण बोलली खरं.

संध्याकाळी कंडक्टरची कूस पालटायला गेलो. त्याने त्या दिवशी ‘पुढे सरका’ म्हटलं नाही. व्हरांड्यातलं सगळं त्याने खिडकीतून ऐकलं होतं.

“तुले राग शब्दाचा आला का पगाराचा?” त्याने विचारलं.

“शब्दाचा.”

“खरं सांग.”

“पगाराचाबी. पन आधी शब्दाचा.”

तो म्हणाला, “आमची गाडी बावनथडी नदीच्या रस्त्याले फसे पावसाळ्यात. ड्रायव्हर, मी, दोघंही उतरून धक्का मारत होतो. चिखलात घुटन्यापर्यंत. पन सरकारनं माह्या नावापुढं कधी ‘धक्का मारनारा’ नाई लिहिलं बे. कंडक्टरच लिहिलं.”

मी त्याच्या पाठीला तेल लावत होतो.

“पन तू कंडक्टर हाय हे कोनं सांगतलं सरकारले?”

“खाकी डरेसनं. अन् ड्रायव्हरनं. कोनी साहेब गाडीत चढला का तोच सांगे, हा कंडक्टर फार हुशार हाय साहेब. अन् मी सांगो, हा ड्रायव्हर फार हुशार हाय.” आणि तो डाव्या बाजूने हसला. “दोघंही चोर होतो.”

मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, “उद्या तू येशीन ना? नाई, मॅडमनं काढलं तुले तर मले कोन फिरवन? ते सिस्टर मले उचलू शकत नाई. माही पाठ फुटन.”

त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. मी म्हटलं, “येतो. सहाला येतो.” आणि बाहेर निघालो.

फाटकाशी सिस्टर ऑटोची वाट पाहत होती. माझ्या डोक्यात थोरलीचं बोलणं आणि कंडक्टरचा ड्रायव्हर एकत्र फिरत होते. यातून निघायचा रस्ता दिसत होता, पण त्या रस्त्यावर ही बाई उभी होती, आणि हिच्यावर माझा भरोसा नव्हता. मी सायकल भिंतीला टेकवली.

“मले एक सांग,” मी म्हटलं. “खोटं सांगशीन तर मले समजते. गुरुवारी तू भंडाऱ्याले त्याच हापिसात गेली होती ना?”

तिने आधी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हाव. अर्ज मीच देला होता. म्हून साहेब आले.”

“अन् मॅडमसंगं फाटकाशी काय बोलून राहिली होती?”

“मॅडमले समजलं होतं. त्या म्हने, तुले एकटीले कुशलमंधी टाकतो, तू बाकीच्यायले काई शिकवू नको.”

“मंग तुले तर भेटलं सारं. तू खुश राहाले पाहिजे. मले अर्धकुशल करून तुले काय भेटते?”

ती चिडली. पहिल्यांदाच चिडली माझ्यावर. “काकाजी, तुमाले समजत नाई का? मी एकटी महाग अन् तुमी तिघं सस्ते, तर मॅडम मले किती दिवस ठेवतीन? सहा महिन्यात मले काढतीन अन् बी.पी.चं मशीन थोरल्या बाईच्या हाती देतीन. तुमी वर आले तरच माही नोकरी राहते. म्हून सांगून राहिली होती. तुमच्यासाठी नाई. माह्यासाठी.”

इतक्या दिवसांचा माझ्या मनातला कुत्रा एकदम भुंकायचा थांबला. तिला यात काय मिळतं ते मला समजलं, आणि जे मिळतं ते सरळ होतं, दडवलेलं नव्हतं. भल्यासाठी करते म्हणाली असती तर मी सायकलवर बसून निघून गेलो असतो.

“मंग हे आधी काहून नाई सांगतलं?”

“मतलबाचं सांगतलं असतं तर तुमी ऐकलं असतं का?”

“तेच ऐकलं असतं,” मी म्हटलं.

मी तिला टोळीची रीत सांगितली. टोळीत कोणी आपलं सांगत नाही, पण दुसऱ्याचं सांगायला कोणी नाही म्हटलेलं नाही. उद्या जावा आश्रमात राहतील, पेशंटला सोडता येत नाही. आपण दोघं जाऊ. तू थोरलीचं, धाकटीचं आणि माझं सांग. मी तुझं सांगतो. झाडलोट लपवायची नाही. ती सगळे करतात, तर सगळे करतात म्हणून शेवटी सांगायचं.

“माझं तर कुशलमंधी हायच,” ती म्हणाली.

“मॅडमनं टाकलं म्हून हाय. मॅडमनं टाकलं ते मॅडम काढन. मी सांगतलं तर साहेबाच्या लिहिन्यात राहीन.”

ती म्हणाली, “अन् तुमाले माहीत हाय का मी काय काय करतो ते?”

“मले सारं दिसते,” मी म्हटलं. “म्हून तर गुरुवारी दिसली.”

तेव्हा ती हसली. ऑटो आला आणि ती गेली.

थोरलीच्या घरी जाऊन मी ओसरीवर बसलो. तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्या पोट्टीच्या तोंडात आमचं सारं द्यायचं? काल तिनं आपलंच तेवढं सांगतलं.”

“काल नाही, आज,” मी म्हटलं. “अन् तिनं आपलं सांगतलं, कारन तिले रोवन्याची रीत माहीत नाई. कोनं शिकवली तिले?”

थोरलीने सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. मग म्हणाली, “तिले सांगजा, का मी ती आंधळी बुढी हाय ना, तिले जेवू घालतो तेव्हा आधी तिचा हात ताटाले लावून देतो, का भात इकडं हाय, भाजी इकडं हाय. हे सांगजा म्हना. हे कोनी पाहत नाई.”

मी म्हटलं, “सांगतो.” ती आपलं स्वतःचं सांगत होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

त्या रात्री मला वाटलं, उद्या मॅडम आधीच कार्यालयात जाऊन बसलेल्या असतील. वाटलं, सिस्टर येणारच नाही. वाटलं, साहेबाने मुद्दामच साडेदहा सांगितलं असेल, जेव्हा तो जागेवर नसतो. असं वाटणं माझं अजूनही गेलेलं नाही. बायको म्हणाली, झोपा आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळा सदरा खुंटीवरच ठेवला. माझा पांढरा सदरा घातला, सायकल काढली आणि सहाला आश्रमात पोचलो. कंडक्टरची कूस पालटली, अंग पुसलं, पाठ पाहिली, दाढी केली. तो म्हणाला, “पुढे सरका, पुढे सरका.” मग हाताशी झाडू होता म्हणून खोलीही झाडली, हात धुतले आणि फाटकाबाहेर आलो. सिस्टर आली होती, पांढरा कोट घडी करून पिशवीत. आम्ही बसने भंडाऱ्याला गेलो. कार्यालयात साहेब जागेवर होते, आणि मॅडम दिसल्या नाहीत, त्याचंही मला नवल वाटलं. साहेबाने कोरा कागद घेतला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “हं काका, तुम्ही काय करता?”

मी म्हटलं, “माझं ही सांगन. मी हिचं सांगाले आलो,” आणि खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो.